मीना सलमानमधले शुक्रवार

दादा गेल्यानंतरच्या दिवसांत आमच्या बहरीनमधल्या घरात जेवण कधी कमी पडलं नाही. त्या काळातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते हेच, ओट्यावर ओळीने ठेवलेले लोकांचे डबे. वरच्या मजल्यावरच्या सूझीआंटी हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या ड्यूटीवर जाता जाता दाराशी इडल्या ठेवून जायच्या. बाबांच्या वर्कशॉपमधले स्टोअरकीपर इब्राहिमचाचा दापोलीकडचे. त्यांच्या घरून चाचींनी आधी फोन करून विचारलं की तुमच्यात सुतकात काय चालतं, आणि मग वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या आणि एकदा गुळाची सांदणं पाठवली. डबा कधी रिकामा परत करायचा नसतो, असं आईनेच मला शिकवलेलं. म्हणून मी प्रत्येक डबा घासून, पुसून, त्यात मूठभर साखर घालून परत करायचे. सुतकातल्या घरातून साखर पाठवायची नसते हे मला माहीत नव्हतं, आणि कुणी मला हटकलंही नाही. मी सगळं जेवायचे. चवीने जेवायचे, असंही म्हणायला हरकत नाही. सांदणं तर मी एकटीने संपवली होती. मग भांडी घासायची, ओटा पुसायचा, आणि खिडकीतल्या एसीची घरघर ऐकत दिवाणावर बसून राहायचं.

दादा अपघातात गेला. बारावी झाल्यावर तो पुण्याला कॉलेजात जायला तयार नव्हता, म्हणून बाबांनी ओळखीने त्याला विमानतळावरच्या एका कार्गो ऑफिसात चिकटवलं होतं. मित्राच्या गाडीतून घरी येताना हायवेवर गाडी उलटली. मित्र वाचला, दादा वाचला नाही. एवढंच. याहून जास्त आम्हाला कधी कळलं नाही आणि बाबांनी विचारलंही नाही. दहन तिथेच, बहरीनमध्येच झालं. अस्थी ओळखीचे एक गृहस्थ सुट्टीवर निघाले होते ते घेऊन गेले, आणि माझ्या मामाने वाईला कृष्णेत सोडल्या. त्या दिवशी सकाळी आमच्याकडे दुधाच्या दुकानाचा माणूस आला होता, बाबा आंघोळीला निघाले होते, आई कपडे वाळत घालत होती. मामाचा फोन आला, ‘झालं.’ बाबा ‘बरं’ म्हणाले. आईने उरलेले कपडे वाळत घातले.

मी रडले नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि खंतावूनही नाही. त्या वर्षी मी अकरावीत होते, ईसा टाउनच्या शाळेची बस सकाळी कोपऱ्यावर यायची, हॉर्न द्यायची, मी चढायचे. बाई माझ्याकडे बघून आवाज खाली आणायच्या. केमिस्ट्रीच्या चाचणीत मला कधी नव्हे इतके चांगले मार्क मिळाले. माझ्या आत काहीतरी बंद पडलं होतं आणि त्यामुळे डोकं फार स्वच्छ चालत होतं. मध्यंतरी हे सगळं मी माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग तुम्ही कुणाकडे गेला का नाहीत? काउन्सेलरकडे?’ मी तिला काय सांगणार? आम्ही तिघं एकमेकांकडेसुद्धा गेलो नाही.

आई बोलायची थांबली होती. अगदी मुकी झाली नव्हती. ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’ एवढं म्हणायची. पण आपणहून वाक्य असं ती एकही बोलत नव्हती. ती आधी कशी होती ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. मनामा शहरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आईचा आवाज जिन्यावर ऐकू यायचा. भाजीवाल्या बंगाल्याशी ती वाईच्या मराठीत घासाघीस करायची आणि त्यालाही ते कळायचं. आता ती सकाळी उठून पोळ्या लाटायची, पोळ्या उरलेल्या असल्या तरी लाटायची, आणि दुपारी बाल्कनीच्या दाराशी पाटावर बसायची. एक दिवस मी शाळेतून आले तर दार उघडं, आई नाही. सूझीआंटी आणि मी जिने उतरून शोधायला धावलो. भर उन्हात, घरातल्या झिजलेल्या पातळ चपला घालून, आई मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी होती. रस्ता ओलांडायचा असावा तशी उभी होती, पण ओलांडत नव्हती. आंटीने तिचा दंड धरला तशी ती निमूट परत आली. तिचे तळवे भाजले होते. मी त्यांना साजूक तूप लावलं.

त्या संध्याकाळी मामाचा फोन आला तेव्हा बाबांनी त्याला हे सांगितलं. मामा म्हणाला, तिला इकडे पाठवा, माहेरी चार माणसांत राहील, बरी होईल. मामाने पुढे तिकिटाचंही बोलून टाकलं, महिनाअखेरीचं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फोन ठेवून त्यांनी रिसीव्हरवरची धूळ बोटाने पुसली. मी मनात चित्र करून पाहिलं: आई वाईला, मी आणि बाबा या घरात, एसीची घरघर. मला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याची मात्र तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतरच्या शुक्रवारी बाबा म्हणाले, ‘दोघी चला माझ्याबरोबर. वर्कशॉपला.’

बाबा टर्नर होते, लेथ मशीनवर लोखंड कातणारे. पुण्याजवळच्या बंदुका बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांची अर्धी नोकरी गेली, आणि उरलेली मीना सलमान बंदरामागच्या एका वर्कशॉपमध्ये. तिथे जहाजांचे शाफ्ट, पंपांचे भाग, असली कामं चालायची. मालक बहरीनी होते, त्यांना सगळे अरबाब म्हणायचे. आमच्या घरातही तेच नाव. फौजेतून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे. मुंबईत लहानपणी बापाबरोबर मोत्यांच्या व्यापाराला गेलेले, त्यामुळे हिंदी सफाईदार. त्यांना एकच शौक होता, नेमबाजीच्या क्लबमध्ये लांबच्या निशाण्यावर रायफल चालवायचा. बाबा पूर्वी कुठे काम करत होते हे कळल्यापासून ते बाबांना फार मान द्यायचे. त्यांची जुनी रायफल झिजली होती आणि तिच्यासाठी त्यांनी परदेशातून नवी नळी मागवली होती. नळी म्हणजे तेव्हा नुसता पोलादाचा जाड दांडा. आतून आरपार भोक आणि त्या भोकाला पीळ दिलेला, बाकी काही नाही. तिला आटे पाडायचे, मागच्या टोकाला काडतूस बसेल असं घर कोरायचं, आणि ती रायफलीच्या अंगावर बसवायची, हे बाबांनी करायचं ठरलं होतं. परवाने, पोलिसांचे कागद सगळं रीतसर अरबाबांनी केलं होतं. रायफलीचा बाकीचा भाग क्लबमध्ये कुलपात असायचा. तो ते स्वतः शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर पेटीतून आणायचे आणि स्वतः परत न्यायचे. म्हणून काम शुक्रवारी.

ती नळी विमानाने आली होती, आणि कार्गोतून सोडवून दादाने आणली होती. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात. लांबट पुठ्ठ्याचं खोकं खांद्यावर टाकून तो जिना चढून वर आला, कारण बाबांना दाखवायची होती. बाबांनी ती उघडली आणि दादाने ट्यूबलाइटकडे रोखून तिच्यातून एका डोळ्याने पाहिलं. ‘आयला, आत सगळं फिरतंय,’ तो म्हणाला. आईने त्याला शिवी दिल्याबद्दल दटावलं. मग ते खोकं वर्कशॉपला गेलं, आणि पुढचं सगळं घडलं.

अरबाब सांत्वनाला घरी आले होते. उठताना म्हणाले, ‘वो काम छोड़ दो. जल्दी नहीं है. कोई जल्दी नहीं.’ बाबा म्हणाले, ‘करूँगा, अरबाब.’ मला वाटतं त्या महिन्यात बाबांनी स्वतःच्या मनाने घेतलेला तो एकच निर्णय.

शुक्रवारी मीना सलमानच्या गल्ल्या रिकाम्या असतात. शटर ओढलेली, क्रेन थांबलेल्या, लांबून कुठल्यातरी जहाजाचा भोंगा. वर्कशॉपमध्ये तेलाचा आणि तापून थंड झालेल्या लोखंडाचा वास होता. इब्राहिमचाचांनी दार उघडून दिलं. आईला पाहिल्यावर त्यांनी स्टोअरमधली एकमेव गादीची खुर्ची आणून लेथजवळ ठेवली, तिच्यावरचं तेल आपल्या रुमालाने पुसलं. ‘बसा वहिनी. इथं पंख्याचा वारा लागंल.’ आई बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मी एका लाकडी खोक्यावर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसले. बाबांनी लेथवरचा दिवा लावला.

पहिल्या शुक्रवारी त्यांनी एक चिमूटही लोखंड कापलं नाही. नळी लेथमध्ये पकडायची, आणि अशी पकडायची की ती फिरताना तिच्या आतलं भोक अजिबात डुगडुगता कामा नये. बाहेरचा दांडा सरळ दिसतो, पण भोक त्याच्या बरोबर मधोमध असेलच असं नसतं. बाबांनी घड्याळासारखी एक तबकडी लावली, तिचा बारीक दांडा भोकात टेकवला, आणि हाताने नळी सावकाश फिरवू लागले. तबकडीवरचा काटा इकडून तिकडे जायचा. मग बाबा एक स्क्रू किंचित पिळायचे, पुन्हा फिरवायचे. पुन्हा स्क्रू. असं तासन्‌तास. एरवी बाबा असल्या कामात पुटपुटायचे, गुणगुणायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडातून श्वासही ऐकू येत नव्हता. चाचांनी चहा करून आणला, तो गार झाला. मी पुस्तकाचं एकच पान पाहत होते.

‘हलतोय अजून.’

बाबांनी वळून पाहिलं. मीही पाहिलं. आई खुर्चीत पुढे वाकली होती आणि तिची नजर तबकडीवर होती.

‘काय?’ बाबा म्हणाले.

‘काटा. हलतोय अजून.’

बाबांना कुठूनही तो काटा दिसत होता. त्यांना ते सांगायची गरज नव्हती. पण ते म्हणाले, ‘माझ्या बाजूने दिवा चमकतोय. तू बघ. थांबला की सांग.’ आईने खुर्ची पुढे ओढली. बाबा फिरवत राहिले, आई बघत राहिली. ‘हलला.’ ‘हलला.’ ‘थोडा.’ मग बराच वेळ काही नाही. नळी फिरत होती आणि काटा एका जागी चिकटल्यासारखा उभा होता. आई म्हणाली, ‘थांबला.’ आणि मग, जरा वेळाने, ‘हीच का ती, सतूने आणलेली?’

‘हो,’ बाबा म्हणाले.

दादाचं नाव घरात तेव्हापासून कुणी घेतलं नव्हतं. इब्राहिमचाचा चहाचे ग्लास उचलून बाहेर निघून गेले. मला वाटलं आता काहीतरी होईल, आई रडेल, बाबा रडतील. काही झालं नाही. बाबांनी नळीवर फडकं टाकलं, दिवा बंद केला, आणि आम्ही घरी येऊन खुबूस, म्हणजे बाजारची अरबी रोटी, आणि वरण खाल्लं.

पुढचे शुक्रवार तसेच गेले. बाबांनी नळीचं टोक कातून बारीक केलं, आटे पाडले, अरबाबांनी आणलेल्या भागात ते आटे बसवून बघितले, पुन्हा कापले. आई खुर्चीत. आता तिच्या हातात तेलाची कुपी असायची. बाबांनी मान हलवली की ती कापण्याच्या जागी तेलाची धार धरायची. बोलणं नाहीच. एकदा मात्र आटे साफ करता करता तिने विचारलं, ‘याने माणूस मारतात का?’ अरबाब तिथेच उभे होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न आहे एवढं कळलं. बाबा म्हणाले, ‘ही कागदावर मारायची. कागदाला भोक पडतं. दुसरं काही नाही.’ आईने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

घरी मात्र काही बदललं नव्हतं. सोमवारी पोळ्या, मंगळवारी पोळ्या, बाल्कनीचं दार. मामाचे फोन. आता तो तिकिटाची तारीख नक्की करा म्हणत होता. मी आईची बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली. आईने ती पाहिली आणि ओलांडून पुढे गेली.

काडतुसाचं घर कोरायचं काम सगळ्यात शेवटी. त्याला एक खास हत्यार असतं, बोटाएवढं, टोकाकडे निमुळतं, अंगावर उभ्या धारा असलेलं. बाबा त्याला रीमर म्हणायचे. नळी फिरत असते आणि रीमर तिच्यात अगदी सावकाश सरकवायचा, थोडंसं कापायचं, बाहेर काढायचं, अडकलेला लोखंडाचा कीस पुसायचा, तेल, पुन्हा आत. घाई केली, कीस साचू दिला, तर आतल्या भिंतीवर चरे उठतात. खोली केसभर जास्त झाली तरी वाया. वाया गेलेली नळी मागून कापून आखूड करता येते, असं बाबा नंतर सांगायचे. पण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. आमच्या लेखी ती एकच नळी होती, दादाने खांद्यावरून आणलेली.

त्या शुक्रवारी अरबाब उशिरा येणार होते. चाचा गेटवर होते. बाबांनी काम सुरू केलं तेव्हा आवाज मऊ होता, कागद फाडल्यासारखा, सारखा. आत, बाहेर, पुसायचं, तेल. आत, बाहेर. मी पुस्तकात बघत होते. हे आज कबूल करायला सोपं वाटतं, पण मी त्या सगळ्या शुक्रवारांत फारसं काही पाहिलंच नाही. जे आठवतं ते आई एखादं वाक्य बोलल्यावर मी मान वर केली तेव्हाचं.

‘अहो, थांबा.’

बाबा थांबले नाहीत. त्यांचा हात रीमर आत सरकवायच्या चाकावर होता आणि चाक फिरत होतं.

‘अहो! थांबा! आवाज बदललाय!’

इतक्या मोठ्याने, जिन्यावरून यायचा तसा आवाज. मी उठून उभी राहिले. बाबांनी झटक्यात रीमर मागे घेतला आणि मशीन बंद केलं. नळी फिरत फिरत थांबली. रीमरच्या धारांमध्ये कीस गच्च बसला होता, तेल कोरडं पडलं होतं. किती वेळ त्यांनी तो बाहेर काढला नव्हता कुणास ठाऊक. बाबा हत्याराकडे बघत उभे राहिले. मग मागे सरकून आईच्या रिकाम्या खुर्चीत बसले. आई उठलेली होती.

‘मला ऐकू आलं नाही,’ बाबा म्हणाले.

‘मला आलं.’

‘मी इथेच बघत होतो. डोळे उघडे होते माझे.’

‘माहितीये.’

‘बिघडली असेल,’ बाबा म्हणाले. त्यांचे हात मांडीवर होते आणि थरथरत होते. टर्नरचे हात थरथरले तर तो काय करणार? ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाबांना काही होत नाही, ते कामावर जातात, जेवतात, झोपतात, असं मी धरून चालले होते. ते आमच्यात सगळ्यात लांब गेले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आईने फडकं घेतलं आणि रीमर पुसायला लागली. एकेका धारेतला कीस काडीने काढत. ‘मनू, बॅटरी आण,’ ती मला म्हणाली. चाचांच्या टेबलावरची बॅटरी मी आणली. आईने नळीच्या मागच्या तोंडाशी प्रकाश पाडला आणि बाबांना म्हणाली, ‘बघा.’

‘तू बघ.’

‘मला काय कळतंय त्यातलं? उठा. बघा.’

बाबा उठले. वाकून बराच वेळ पाहत राहिले. नंतर करंगळी आत घालून फिरवली, पुसली, पुन्हा पाहिलं. ‘एक रेघ आहे,’ ते म्हणाले. ‘बारीक. पुढच्या कापात निघून जाईल.’ मग म्हणाले, ‘आणखी थोडा गेलो असतो तर संपलं होतं.’

‘नाही ना गेलात.’

उरलेलं काम दोघांनी केलं. बाबा एकेक कापासाठी आत जायचे आणि आई ऐकायची. ती हात वर करायची आणि ते बाहेर यायचे. गरज होती म्हणून नाही, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, होती. शेवटी बाबांनी मापाचा पोलादी ठोकळा त्या कोरलेल्या घरात बसवून पाहिला, तो बसला. दुसरा, किंचित मोठा, बसवून पाहिला, तो बसला नाही. तसंच हवं होतं. अरबाब आले तेव्हा बाबांनी त्यांना झालं ते सगळं सांगितलं, आवाज बदलल्याचं, आईने थांबवल्याचंही. अरबाबांनी आईकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि मान किंचित झुकवली.

रविवारी मामाचा फोन आला. नेहमी बाबा घ्यायचे. त्या दिवशी आईने घेतला. मी अभ्यासाच्या टेबलाशी होते. ‘नाही, मी येत नाही,’ ती म्हणाली. मामा काहीतरी बराच वेळ बोलला. ‘अरे, इथलं काम राहिलंय. नळीचं. ... ते तुला नाही कळायचं. ... नाही, यांना एकट्याला नाही जमणार.’ आणि फोन ठेवून ती आत गेली. त्या दिवशी तिने पोळ्या मोजून केल्या.

यानंतर आम्ही त्याच घरात आणखी काही वर्षं राहिलो. आईचा जिन्यावरचा आवाज पूर्वीसारखा कधी झाला नाही, पण भाजीवाल्याशी तिची घासाघीस सुरू झाली. बाबांनी शेवटपर्यंत नोकरीही त्याच वर्कशॉपमध्ये केली. मी नर्सिंगला गेले, सूझीआंटींचं बघून असेल. आता आई-बाबा दोघंही नाहीत आणि मी त्या वेळच्या आईपेक्षा वयाने मोठी आहे. लोक विचारतात तुमच्या आईला दुःखातून कशाने बाहेर काढलं. ती बाहेर आली असं मला वाटत नाही. तिला ऐकायला काहीतरी मिळालं, एवढंच झालं.

तर नळी. बाबांनी ती रायफलीला बसवली, आणि एका गुरुवारी दुपारी अरबाबांनी आम्हाला क्लबच्या मैदानावर बोलावलं. सखीरच्या बाजूला, सगळीकडे भुरी जमीन, लांब मातीचा बांध आणि त्याच्या पुढे कागद लावलेली चौकट. आम्हा तिघांच्या कानांवर जाड रबरी वाट्या बसवल्या. अरबाब चटईवर पालथे झोपले, बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. बार झाला तो मला कानात ऐकू आला नाही, छातीत ऐकू आला. मग पुन्हा, पुन्हा. दुर्बिणीतून बघून ते उठले आणि बाबांना बघायला लावलं. कागदावरची भोकं एकमेकांत गेली होती. ‘माशाल्ला,’ अरबाब म्हणाले, ‘माशाल्ला,’ आणि त्यांनी बाबांना मिठी मारली. बाबा काठीसारखे उभे होते. आई वाकली आणि तिने नळीला बोटं लावली. ‘गरम आहे,’ ती म्हणाली, आणि हात तिथेच ठेवला.

परत येताना बाबा गाडी चालवत होते, आई शेजारी, मी मागे. ऊन उतरलं होतं. शहरात शिरताना रस्त्याच्या कडेला एक मल्याळ्याचं चहाचं दुकान होतं; तिथे गाडीतून उतरावं लागत नाही, दुकानासमोर उभं राहून हॉर्न दिला की माणूस खिडकीशी येतो. आई म्हणाली, ‘चहा घेऊ या का?’ बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि हॉर्न दिला. दुकानातला माणूस खांद्यावरचा टॉवेल सावरत आला, बाबांच्या खिडकीत वाकला. ‘बोलो साब. कितना चाय?’

बाबांनी तोंड उघडलं. आकडा काही त्यांच्या तोंडातून बाहेर येईना. तो माणूस वाट बघत होता. मी मागून बाबांच्या मानेकडे बघत होते, आणि मलाही तो म्हणता आला नसता.

आई त्यांच्या पुढून खिडकीकडे झुकली.

‘तीन,’ ती म्हणाली. ‘तीन देना.’

माणूस मान डोलावून गेला. बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि कपाळ त्याच्या मधोमध टेकवलं. हॉर्न वाजायला लागला. एकसारखा, न तुटता. आजूबाजूच्या गाड्यांतली माणसं वळून बघायला लागली. एका पिकअपमधला अरब पोरगा हात बाहेर काढून ओरडला. चहावाल्याला वाटलं साहेबांना घाई आहे. तो उकळत्या भांड्यापाशी उभा राहून तिथूनच ओरडत होता, ‘आ रहा है, साब, आ रहा है, यल्ला, बस एक मिनट!’ हॉर्न वाजतच होता. बाबांची पाठ हलत होती. आईने आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला, मी मागून दुसरा ठेवला. आम्ही दोघींनी त्यांना उठवलं नाही. वाजू दिला.